भाता

चिखलीच्या टेकडीवरल्या त्या बोर्डिंगात
माझं नाव पुर्सो लोटलीकर, ते फक्त रजिस्टरात.
सदऱ्यावर लाल दोऱ्यात, वाडग्याच्या तळाशी
खिळ्याने कोरलेला मी: सत्तावीस.
वाडगा जर्मनचा. वाडग्यात जर्मन, बंदरात जर्मन,
असं आम्ही म्हणायचो, आणि पाद्री एलुतेरियु
हसू दाबत छडी उगारायचे.

साडेपाचला घंटा. विहिरीवर रांग,
दातांना कोळशाची पूड, मग पेज.
ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला
तसा पेजेतून तळाचा आकडा वाचता येऊ लागला.

कपेलाची मला सक्ती नव्हती.
वडिलांनी स्टॅम्प पेपरवर तसं लिहूनच घेतलेलं.
पण हार्मोनियमचे पायपट्टे तुटले होते,
सुटा भाग लिस्बनहून यायचा,
आणि लिस्बनची बोट कधी, ते समुद्रालाच ठाऊक.
म्हणून मी. मागे बसून दोन्ही हातांनी भाता दाबायचो,
बोनिफास कुलासो वाजवायचा.
"प्रार्थना करू नकोस," पाद्री म्हणाले, "नुसता वारा दे."

शनिवारी लादाईन.
इकडून सायबिणीची नावं, तिकडून साठ पोरं:
ओरा प्रो नोबिस.
कितीतरी दिवस मला ते
'ओढ रे पोरा, नीट बस' असं ऐकू यायचं,
आणि मी नीट बसून ओढायचो.

सायबिणीच्या पायाशी एक लांब फळी.
ज्याचा बाप तारवावर, त्याची तिथं एक मेणबत्ती.
कुणाचा बाप भटारी, कुणाचा बटलर, कुणाचा बॉयलरपाशी,
सगळे मुंबईहून इंग्रजांच्या बोटींवर चढलेले.
गोवा युद्धात नाही, असं भूगोलाचे मास्तर सांगायचे.
फळीवर एकोणीस मेणबत्त्या होत्या.

मेण संपलं. खरवडलेले थेंबही संपले.
मग करवंट्यांत खोबरेल, आणि वाती माझ्या हातच्या;
मांडीवर कापूस वळायला आईने शिकवलं होतं.
एकोणीस वाती. तार आली की सकाळी अठरा.
पाद्री ती करवंटी फुंकायचे नाहीत,
बाहेर पायरीवर नेऊन ठेवायचे, आपोआप विझेपर्यंत.
रात्री मी स्वयंपाकघरातलं तेल चोरून
तिच्यात ओतून यायचो.

इंत्रुदाची शेवटची रात्र.
तोंडाला काजळ फासून नाचलेली पोरं तशीच झोपलेली.
बंदराकडे धडाका झाला. खिडक्या लाल.
नांगरून गंजत पडलेली जर्मन जहाजं पेटली होती.
कुणी म्हणे इंग्रजांनी, कुणी म्हणे त्यांची त्यांनीच.
आम्ही सज्ज्यात, अनवाणी. कुणीतरी टाळ्या पिटल्या.
मग बोनिफास म्हणाला,
"भटारखान्यातून वर यायला तीन जिने असतात."
टाळ्या थांबल्या.

सकाळी राखेचा बुधवार.
रांगेने एकेकाच्या कपाळी पाद्रींचा अंगठा.
मी भात्यापाशी.
बोनिफास परतला, स्वतःच्या कपाळावरची
बोटावर घेऊन माझ्या कपाळी आडवी ओढली.
"तुमच्यात अशीच ना?"
आमचं घर वैष्णवांचं, उभं गंध लावणाऱ्यांचं.
मी हो म्हटलं.

कुलासोंची तार आली नाही. पत्रही नाही.
युद्ध संपल्याचं रेडिओवर कळलं,
घंटा इतकी वाजवली की दोर हातात आला.
फळीवर अकरा करवंट्या होत्या.
दहांचे बाप येणार होते, कुणी लंगडत, कुणी ट्रंका घेऊन.
अकरावी उचलायची की ठेवायची, पाद्रींना ठरवता येईना.
शेवटी मला विचारलं. मलाच का, कोण जाणे.
मी म्हटलं, तेल आहे अजून.

त्या शनिवारी बोनिफास येऊन बसला, हात मांडीवर.
साठ पोरं पहिल्या सुराची वाट बघत होती.
मी दाबत राहिलो.
भात्याला एक चीर होती, ती मला तोवर ऐकू आली नव्हती.